वाचकांचे प्रश्न: टल, आठवड्याचे चार पौंड आणि न मिळालेला क्रॉस

मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. खाकी गणवेशातल्या तरुणाचा फोटो आणि खाली तीन वाक्ये: ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू, ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, रंगामुळे पदक नाकारले. फोटोतला माणूस वॉल्टर टल. तीन वाक्यांपैकी पहिली दोन चूक आहेत आणि तिसरे अर्धे सिद्ध झालेले. वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे:

आमच्या पेठेतल्या तालमीत यावरून वाद झाला. नाव ‘टल’ की ‘टुल’? आणि तो खरोखर पहिला होता का? (कोल्हापूर)

उच्चार टल. पूर्ण नाव वॉल्टर डॅनियल जॉन टल. पहिला मात्र नव्हे. आर्थर व्हार्टन हा गोलरक्षक त्याच्या कितीतरी आधीचा. त्याचा जन्म १८६५ मध्ये आक्राचा, म्हणजे आजच्या घानातला. १८८६ मध्ये त्याने शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत मारली होती. प्रेस्टनकडून तो हौशी म्हणून खेळला आणि १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनकडून पगारी झाला. अँड्र्यू वॉटसन तर १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कर्णधार होता. त्या सामन्यात स्कॉटलंडने इंग्लंडला लंडनमध्ये ६-१ असे धुतले. पण वॉटसन पैसे घेऊन खेळत नव्हता, म्हणून ‘व्यावसायिक’ या यादीत त्याला धरत नाहीत. १९०१ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून गोल करणारा विली क्लार्क हाही टलच्या आधीचा. सुरुवातीच्या मोजक्यांपैकी एक, एवढे टलबद्दल नक्की म्हणता येते. तालमीतला वाद मिटवायला तेवढे पुरेल.

अनाथाश्रमातला मुलगा इतक्या मोठ्या क्लबात पोचला कसा? (पुणे)

जन्म २८ एप्रिल १८८८, इंग्लंडच्या केंट परगण्यातले फोकस्टन गाव. वडील डॅनियल टल बार्बाडोस बेटावरून १८७६ मध्ये आलेले सुतार. डॅनियलचे वडील गुलामीत जन्मले होते. आई अ‍ॅलिस पामर केंटचीच. १८९५ मध्ये आई गेली, तेव्हा वॉल्टर सात वर्षांचा. वडिलांनी अ‍ॅलिसच्या चुलतबहिणीशी, क्लाराशी, लग्न केले आणि १८९७ मध्ये तेही गेले. एकट्या सावत्र आईला एवढी पोरे पोसणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १८९८ मध्ये वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात ठेवले. दोन वर्षांनी एडवर्डला ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने दत्तक घेतले. वॉल्टर मागे राहिला.

आश्रमात मुलांना हाताला काम शिकवत. वॉल्टर छापखान्याचे काम शिकला आणि आश्रमाच्या संघातून खेळू लागला. १९०८ मध्ये त्याला क्लॅप्टन या हौशी क्लबाने घेतले. पहिल्याच हंगामात क्लॅप्टनने तीन चषक जिंकले: एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) हौशी चषक, लंडन सीनियर चषक आणि लंडन काउंटी हौशी चषक. मार्च १९०९ मध्ये ‘फुटबॉल स्टार’ या वृत्तपत्राने त्याला हंगामातला सर्वांत मोठा शोध ठरवले. टॉटनहॅम हॉट्सपर, म्हणजे स्पर्स, त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढला होता आणि त्यांना माणसे हवी होती. उन्हाळ्यात अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर त्याला सोबत नेले आणि मग करार झाला. हौशी क्लबातल्या एका हंगामानंतर थेट अव्वल श्रेणी, हे तेव्हाही रोजचे नव्हते.

‘करार’ म्हणजे किती पैसे? आजच्या रुपयात सांगा. (ठाणे)

आजच्या रुपयात सांगण्यात अर्थ नाही. भाव, भाडी, गरजा सगळेच बदललेले. तेव्हाच्या रुपयात सांगता येईल. त्या काळी एक पौंड म्हणजे १५ रुपये असा ठरलेला दर होता. सही करताना टलला १० पौंड मिळाले, म्हणजे १५० रुपये. त्याहून जास्त सही-रक्कम देण्याची क्लबांना परवानगीच नव्हती. पगार आठवड्याला ४ पौंड, म्हणजे ६० रुपये. हीसुद्धा कमाल मर्यादा होती, १९०१ पासून लागू झालेली. कुशल कामगाराच्या कमाईच्या साधारण दुप्पट. छापखान्यात शिकलेल्या मुलासाठी वाईट नव्हे.

खरी मेख पगारात नव्हती, नोंदणीत होती. खेळाडूची नोंदणी क्लबाकडे राहायची. वर्षाचा करार संपला तरी क्लब त्याला ‘राखून’ ठेवू शके आणि क्लबाने सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. जाण्यासाठी मिळणारी रक्कम क्लबाच्या तिजोरीत पडे. युद्धाच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

तेव्हाचा चेंडू दगडासारखा जड असायचा म्हणतात. आणि ‘इनसाइड लेफ्ट’ म्हणजे नेमका कुठे? (कोल्हापूर, शालेय विद्यार्थी)

कोरडा असताना तो आजच्यापेक्षा हलका असायचा! नियमाने वजन १३ ते १५ औंस, म्हणजे अंदाजे ३७० ते ४२५ ग्रॅम. आजचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. ही वाढ १९३७ ची. ‘जड’ ही ख्याती पावसाने आली. चामड्याचे तुकडे हाताने शिवलेले, वर कसलाही लेप नाही. चिखलात तासभर खेळले की चामडे पाणी पिऊन फुगायचे. आत रबरी फुगा असे. तो नळीतून फुगवायचा, नळी दुमडून दोऱ्याने बांधायची, खाचेतून आत ढकलायची आणि वरून चामड्याची वादी ओवून खाच आवळायची. वादी सैल राहिली की तिथे टेंगूळ येई आणि चेंडू वाकडा उसळे. हेडर नेमका वादीवर बसला तर कपाळ फुटे. म्हणून वादीवर आणि शिवणीवर चरबीचे मलम चोळून ठेवत.

टल खेळे ती इनसाइड लेफ्टची जागा समजायला त्या काळची मांडणी पाहा: गोलरक्षक, दोन बॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड. पाच फॉरवर्डमध्ये कडेचे दोन ‘आउटसाइड’, मधला सेंटर-फॉरवर्ड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे ‘इनसाइड’. मागून चेंडू आणायचा, विंगला द्यायचा आणि स्वतः गोलसमोर पोचायचे, हे इनसाइडचे काम. त्यात ऑफसाइडचा नियम कडक. चेंडू खेळला जातो त्या क्षणी गोलरेषेच्या बाजूला प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. तिनाचे दोन झाले ते १९२५ मध्ये. त्यामुळे नुसत्या पळण्यावर भागत नसे. टल फार वेगवान नव्हता. पाय शांत ठेवून नेमका पास देणारा होता. बदली खेळाडू नसत. पाय मुरगळला तर लंगडत नव्वद मिनिटे काढायची.

एवढा चांगला होता तर स्पर्सने त्याला सात सामन्यांनंतर बाहेर का बसवले? (नाशिक)

आधी घडले ते तारखांनिशी. पहिला लीग सामना १ सप्टेंबर १९०९, सुंदरलंडविरुद्ध त्यांच्या मैदानावर. ११ सप्टेंबरला घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड. त्याच दिवशी व्हाइट हार्ट लेनचा नवा पश्चिम स्टँड खुला झाला आणि तीस हजारांवर माणूस लोटला. सामना २-२ असा सुटला. ऑक्टोबरमध्ये संघ ब्रिस्टल सिटीकडे गेला. तिथल्या प्रेक्षकांच्या एका टोळक्याने टलवर त्याच्या रंगावरून शिव्यांचा भडिमार केला. ‘फुटबॉल स्टार’च्या वार्ताहराने ती भाषा लंडनच्या मासळीबाजारालाही लाजवणारी होती असे छापले आणि टल मनाने आणि खेळाने इतका स्वच्छ की गोऱ्या खेळाडूंनी त्याचा आदर्श घ्यावा, असेही ठणकावले. १९०९ मधल्या बातमीत हे येणे ही मोठी गोष्ट. बहुतेक वार्ताहर अशा वेळी कानावर हात ठेवत.

त्यानंतर टल पहिल्या संघातून गेला. स्पर्समध्ये त्याचे एकूण लीग सामने दहा आणि गोल दोन. उरलेला काळ राखीव संघात. ‘प्रेक्षकांच्या शिव्यांमुळे क्लब घाबरला’ हा अर्थ अनेकांनी काढला आहे आणि तारखांचा क्रम त्याला जुळतो. पण अव्वल श्रेणीत नव्याने आलेला स्पर्स त्या शरद ऋतूत सामने हरत होता, आणि हरणारा संघ फॉरवर्ड फिरवत राहतो, हेही तितकेच खरे. शिव्या झाल्या, हे छापील आहे. त्याच कारणाने वगळले, हा तर्क आहे. दोन्ही एका वाक्यात कोंबू नयेत.

ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्दम्प्टन टाउनने त्याला घेतले. बदल्यात चार्ली ब्रिटन हा बॅक स्पर्सकडे गेला आणि वर रोख रक्कमही दिली गेली. नॉर्दम्प्टनचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन, म्हणजे पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल घडवणारा तोच. तोही पूर्वी स्पर्सकडून खेळलेला. नॉर्दम्प्टन हे जोडे बनवणाऱ्यांचे गाव, म्हणून क्लबाचे टोपणनाव ‘कॉबलर्स’, चांभार. संघ सदर्न लीगमध्ये खेळे. ही फुटबॉल लीगपासून वेगळी, पण अव्वल दर्जाची स्पर्धा. इथे टलला मागे ओढून हाफबॅक केले आणि तो बहरला. शंभराहून जास्त सामने, नऊ गोल. हाफबॅकला दोन्ही बाजूंचे काम असते: समोरच्या फॉरवर्डला अडवायचे आणि आपल्या विंगला चेंडू पुरवायचा. वेग कमी आणि नजर तयार अशा खेळाडूला ती जागा मानवते. स्पर्सचे दहा सामने सगळे सांगतात, पण टलचा खरा खेळ नॉर्दम्प्टनमधल्या तीन हंगामांत आहे.

युद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये सुरू झाले. फुटबॉलपटू डिसेंबरपर्यंत काय करत होते? (छत्रपती संभाजीनगर)

खेळत होते, आणि त्यासाठी शिव्या खात होते. १९१४-१५ चा हंगाम पूर्ण झाला. एप्रिल १९१५ चा एफए चषकाचा अंतिम सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला. प्रेक्षकांत एवढे सैनिक होते की त्याला ‘खाकी फायनल’ नाव पडले. रग्बी आणि क्रिकेटवाले साहेब लोक आधीच भरती झाले होते, म्हणून फुटबॉलपटूंना भेकड ठरवणे सोपे गेले.

पण वर सांगितलेली मेख आठवा. रग्बीचा साहेब हौशी होता, कुणाच्या करारात नव्हता. फुटबॉलपटू वर्षाच्या कराराने बांधलेला. क्लबाच्या परवानगीशिवाय गेला तर करारभंग आणि घरच्यांचा पगार बंद. तरी स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर १९१४ मध्ये हार्ट्स क्लबाचे खेळाडू एकगठ्ठा भरती झाले. इंग्लंडमध्ये त्यावर तोडगा निघाला तो १५ डिसेंबर १९१४ रोजी, फुलॅम टाउन हॉलच्या सभेत. मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी पलटण फुटबॉलवाल्यांसाठी उभी करायची आणि शनिवारी सामन्यासाठी खेळाडूंना रजा द्यायची, असे ठरले. सर्वांत आधी पुढे आला क्लॅप्टन ओरिएंटचा (टलच्या जुन्या क्लॅप्टनहून वेगळा क्लब) कर्णधार फ्रेड पार्कर. टल २१ डिसेंबरला भरती झाला, नॉर्दम्प्टनच्या खेळाडूंत पहिला. पलटण नोव्हेंबर १९१५ मध्ये फ्रान्सला पोचली. तोवर तो लान्स सार्जंट झाला होता.

या पलटणीतले बरेच जण परतले नाहीत. ओरिएंटचे विल्यम जोनस, रिचर्ड मॅकफॅडन आणि जॉर्ज स्कॉट तिघेही उत्तर फ्रान्समधल्या १९१६ च्या सोम मोहिमेत गेले. इतर पलटणींतून गेलेल्यांत इंग्लंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू एव्हलिन लिंटॉट सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला पडला. ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूचा डोनाल्ड बेल ५ जुलैच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस (सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक) कमावून पाचच दिवसांनी मारला गेला.

टलच्या नोंदीत ‘अ‍ॅक्यूट मेनिया’ असे लिहिले आहे. म्हणजे वेड? (नागपूर, वैद्यकीय विद्यार्थिनी)

मे १९१६ ची ही नोंद आहे. आज त्याला तोफांच्या माऱ्याने मनावर झालेला आघात म्हणू. तेव्हाचा बोलीतला शब्द ‘शेल शॉक’. त्याला इंग्लंडला पाठवले आणि सप्टेंबरमध्ये तो फ्रान्सला परतला, सोमच्या धुमश्चक्रीच्या उत्तरार्धात. डिसेंबर १९१६ मध्ये पुन्हा आजारी, या वेळी खंदकज्वर: अंगावरच्या उवांतून पसरणारा जिवाणूचा ताप. पाचेक दिवसांनी उलटत राहतो, नडगीची हाडे ठणकतात. माणूस मरत नाही, पण आठवडेच्या आठवडे निकामी होतो. कपडे उकळून शिवणींमधली अंडी मारल्याशिवाय तो थांबत नसे, आणि खंदकात कपडे उकळायची सोय कुठली! उवांचा हा हात १९१८ मध्ये पक्का सिद्ध झाला.

कृष्णवर्णीयाला अधिकारी होता येत नाही असा नियम होता ना? मग तो कसा झाला? (सोलापूर)

नियम दोन होते आणि लोक त्यांची गल्लत करतात. लष्करी कायद्याच्या १९१४ च्या पुस्तिकेत ‘निग्रो किंवा वर्णीय’ माणसाला सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसरच्या वर चढू न देण्याची तरतूद होती, ती परकीयांच्या संदर्भात. टल इंग्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे ती त्याला लागत नव्हती. दुसरी अट राखीव दलाच्या कमिशनसाठीच्या (अधिकारीपदाच्या नेमणुकीसाठीच्या) सरकारी माहितीपत्रकात होती: उमेदवार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ हवा. ही मात्र टलच्या आड येणारी. पण १९१६ नंतर कनिष्ठ अधिकारी इतक्या झपाट्याने मरत होते की पलटणी आपल्या अनुभवी सार्जंटांची नावे धाडत आणि वरचे लोक अर्जातल्या त्या रकान्याकडे बघत नसत.

टल स्कॉटलंडमधल्या एअरशरच्या गेल्स येथील कॅडेट शाळेत गेला आणि मे १९१७ अखेर सेकंड लेफ्टनंट झाला. नेमणूक मिडलसेक्सच्या २३ व्या पलटणीत. हीदेखील फुटबॉलवाल्यांचीच, दुसरी.

‘पहिला’ इथेही टिकत नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. वंशाच्या प्रश्नाला त्याने ‘होय, शुद्ध युरोपीय’ असे उत्तर लिहिले आणि कुणी हरकत घेतली नाही. तोही डिसेंबर १९१६ मध्ये मारला गेला. पायदळात गोऱ्या सैनिकांचे प्रत्यक्ष लढाईत नेतृत्व करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी टल एक, असे म्हणावे. ते खरे आहे आणि कमीही नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी याच्या शेजारी एक तारीख ठेवावी. डॉक्टरांचे खाते सोडले तर भारतीयांना लढाऊ सैन्यात राजाचे कमिशन देण्याचा निर्णय ऑगस्ट १९१७ चा, टलनंतर तीन महिन्यांनी. तोवर जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर हीच शेवटची पायरी. पंचवीस वर्षे नोकरी झालेला मराठा सुभेदार-मेजर कालच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखालीच.

मग मिलिटरी क्रॉस का दिला नाही? रंगामुळेच ना? (रत्नागिरी)

मिलिटरी क्रॉस हे अधिकाऱ्यांना मिळणारे शौर्यपदक. या प्रश्नावर सर्वाधिक पत्रे आली, म्हणून जरा सविस्तर.

नोव्हेंबर १९१७ पासून २३ वी पलटण इटलीत, पियावे नदीच्या काठी होती. १-२ जानेवारी १९१८ च्या रात्री नदीपार छापा घालायचा होता. पियावे हिवाळ्यात गोठवणारी, वेगवान, अनेक ओहोळांत फुटलेली. नदी ओलांडणाऱ्या पहिल्या काही जणांत टल होता. मुख्य तुकडीला आड देणारी टोळी त्याने पलीकडे नेली आणि जबर गोळीबारातून एकही माणूस न गमावता परत आणली. ४१ व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर-जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी नोंद केली. हा कागद पक्का.

मार्च १९१८ च्या सुरुवातीला पलटण फ्रान्सला परतली. २१ मार्चला जर्मनांची वसंत मोहीम सुटली. २५ मार्चला बापोमजवळच्या फाव्र्यु गावापाशी माघार चालू असताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉस क्लबाचा माजी गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम याने त्याला ओढत आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन अगदी अंगावर आले होते. मृतदेह मिळाला नाही. टल तिसाव्या वाढदिवसाला महिनाभर कमी होता.

त्यानंतर पलटणीतल्या एका सहअधिकाऱ्याने भाऊ एडवर्डला पत्र लिहिले: मिलिटरी क्रॉससाठी त्याची शिफारस झाली होती आणि तो त्याने नक्कीच कमावला होता. क्रॉसच्या दाव्याचा सारा आधार हे पत्र. शिफारशीचा कागद त्याच्या लष्करी फायलीत सापडलेला नाही.

त्यातून तीन शक्यता उरतात. शिफारस पलटणीतच राहिली आणि माघारीच्या गोंधळात कागद गेला. किंवा ती वर गेली आणि रंगामुळे दाबली, कारण क्रॉस दिला तर नियम मोडून अधिकारी केल्याचे जाहीर झाले असते. किंवा लॉफर्ड यांच्या नोंदीवरच प्रकरण भागले; सगळ्या शिफारशी मंजूर होत नसत. दुसरी शक्यता सर्वांत लोकप्रिय. ती अशक्य मुळीच नाही, मात्र तिच्या बाजूने कागद नाही.

आता ‘निदान मरणोत्तर तरी द्या’ या मागणीची अडचण. पहिल्या महायुद्धात मरणोत्तर फक्त दोन सन्मान देता येत: व्हिक्टोरिया क्रॉस आणि अहवालात नामोल्लेख. मिलिटरी क्रॉस मरणोत्तर देण्याची सोय १९७९ मध्ये आली. शिवाय जुन्या युद्धांची शौर्यपदके आता न देण्याचे ब्रिटिश सरकारचे धोरण आहे. एकाला दिले तर हजारो अर्ज येतील हे त्यामागचे कारण. टलच्या नावावर तीन पदके आहेत: १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश युद्धपदक आणि विजयपदक. ही तिन्ही सेवेची, शौर्याची नव्हेत.

त्याचे स्मारक पाहायला जायचे झाले तर? (पॅरिसहून एक मराठी वाचक)

उत्तर फ्रान्समधल्या आरास गावी जा. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तासाभराचा प्रवास. स्मारक फोबूर दामियां दफनभूमीत, गावाच्या पश्चिमेला. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा जवळजवळ ३५,००० जणांची नावे तिथल्या भिंतींवर कोरली आहेत. आराखडा एडविन लट्यन्सचा, ज्याने दिल्लीचे इंडिया गेट आखले तोच. नावे आधी रेजिमेंटनुसार, मग हुद्द्यानुसार आणि मग आडनावाच्या क्रमाने लागतात. टलसाठी ‘बे ७’ मध्ये, म्हणजे भिंतीच्या सातव्या खणात, मिडलसेक्स शोधा आणि सेकंड लेफ्टनंटांपाशी थांबा. थेट ‘टी’ अक्षर धुंडाळायला गेलात तर चुकाल. मँचेस्टर युनायटेडचा सँडी टर्नबुल, मे १९१७ मध्ये पडलेला, त्याचेही नाव याच स्मारकावर आहे. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर टलचे स्मारक १९९९ पासून उभे आहे.

आमचे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले ते आलेच नाहीत. त्यांचे नाव असे कुठे सापडेल? (सातारा)

सापडू शकते, पण टलसारखे सहज नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. रोमन लिपीत टाइप करावे लागते. ‘पहिले महायुद्ध’ आणि ‘भारतीय सैन्य’ निवडा. आडनावाच्या जागी आधी आडनाव घाला. नाही मिळाले तर पणजोबांचे स्वतःचे नाव त्याच जागी घाला. आपल्याकडे नाव कोणते आणि आडनाव कोणते हे कारकुनाला कळले नाही की त्याने एकच शब्द टिपला. स्पेलिंग बदलून पाहा: पवारचे पोवार, जाधवचे जादव, चव्हाणचे चौहान. इंग्रजांचेही हेच झाले. वेल्सचा गाजलेला गोलरक्षक ली रूस १९१६ मध्ये मारला गेला, पण सैन्यात ‘राउझ’ नोंदल्याने तो त्याच नावाखाली हरवून राहिला होता. तरी नाव मिळाले नाही तर उलटीकडून या: पलटण माहीत असेल तर ती घाला (१०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात होत्या), स्मारक म्हणून बसरा निवडा आणि यादी वाचत जा. काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गाव मिळते. खात्री त्यावरूनच करायची.

बसरा स्मारकाच्या भिंतीवर मात्र शोधू नका. तिथे ब्रिटिश सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण भारतीय शिपाई आणि हवालदारांचा पलटणवार फक्त आकडा लिहिला. हा भेदभाव होता, हे आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केले. स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला नेले गेले.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टलसारख्या अधिकाऱ्यांच्या फायली ‘डब्ल्यूओ ३३९’ या मालिकेत मिळतात. साध्या ब्रिटिश शिपायांचे बहुतेक कागद सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. आपल्या पणजोबांचे कागद तिथे नव्हतेच. ते भारतीय सैन्याचे. त्यांच्यासाठी आधी गावची चावडी, शाळा किंवा देवळाची भिंत पाहा. ‘या गावातून महायुद्धात इतके गेले, इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी सातारा जिल्ह्यात अनेक गावांत आहे. पाटीवर आकडाच असतो, पण पणजोबांच्या गावची असेल तर भरती तिथूनच झाली की नाही हे कळते. मग पलटणीचे नाव आणि अंदाजे वर्ष लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा. पेन्शनचे जुने पुस्तक किंवा पदक घरात असेल तर पदकाची कड आधी बघा. सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. ब्रासो लावून घासू नका, अक्षरे झिजतात.

टलचा भाऊ पुढे काय झाला? (बेळगाव)

दंतवैद्य. एडवर्ड टल-वॉर्नॉक या नावाने ग्लासगोत शिकला आणि १९१२ मध्ये पात्र झाला. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय दंतवैद्यांत त्याची गणना होते. वॉल्टरचा जवळचा नातलग म्हणून सैन्याची पत्रे त्याच्याकडे येत. वर उल्लेख केलेले क्रॉसचे पत्र त्याच्या कुटुंबाने जपले म्हणून आज वाचायला मिळते.